जुनं आऊटबोर्ड मशीन घेताय? आधी खाली बघा

तुमचा प्रश्न असा आहे: नवी मुंबईत बेलापूरजवळच्या दिवाळे गावात १६ फुटी फायबरची होडी, वडिलांच्या वेळचं ९.९ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं) मशीन आता दुरुस्तीच्या पलीकडे गेलंय. ओळखीतून १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, नऊ-दहा वर्षं वापरलेलं टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन मिळतंय. विकणारा म्हणतो, "एका दोरीत चालू होतं, कधीही या." घ्यावं का, आणि बघायला गेल्यावर काय बघावं?

बेलापूर ते वाशी या पट्ट्यात मी बावीस वर्षं आऊटबोर्डची कामं करतोय. एका दोरीत चालू होतं यावर जाऊ नका. नवे प्लग टाकले आणि कार्बोरेटर धुतला की शेवटच्या घटका मोजणारं मशीनसुद्धा आठवडाभर एका दोरीत चालू होतं. आपल्या खाडीत मशीन वरून मरत नाही, खालून मरतं. ओहोटीला दोन फूट पाण्यातून होडी काढताना गाळ पाण्याच्या पंपात जातो. जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा दोरा) पंख्यामागे, म्हणजे प्रोपेलरमागे, गुंडाळला जातो आणि सील कापतो. कापलेल्या सीलमधून खारं पाणी गिअरमध्ये शिरतं. वरचं कव्हर उघडून चकचकीत इंजिन बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात दोन भावांनी मला एक मशीन बघायला नेलं होतं. ड्रममध्ये लावलेलं, आवाज गोड, धूर बेताचा, इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार जोरदार. मी म्हटलं, घ्या. तिसऱ्या दिवशी सुकतीला (ओहोटीला) वाशी पुलाच्या खालच्या अंगाला गिअर अडकला आणि होडी चिखलात बसली. भरती येईपर्यंत दोघं सहा तास तिथेच. नंतर मी गिअरचा स्क्रू उघडला तर आतून आधी पाणी आलं, मग राखाडी रंगाचं दाट काहीतरी. तो स्क्रू आदल्या आठवड्यात, पैसे देण्याआधी उघडायला मला पाच मिनिटं लागली असती. त्या दिवसापासून मी कुठलंही मशीन बघताना गुडघ्यावर बसूनच सुरुवात करतो.

जायच्या आदल्या दिवशी विकणाऱ्याला दोन गोष्टी सांगून ठेवा: मशीन रात्रभर उभं ठेवा, आणि मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवा. कोमट लागलं तर आधीच चालवून ठेवलंय. थंड मशीन चालू व्हायला त्रास देत असेल तर विकणारा ते तुमच्यापुढे थंड असताना कशाला चालू करेल? अशा वेळी चहा घ्या, तासभर थांबा, पूर्ण थंड होऊ द्या.

आता गिअर ऑइल. पंख्याच्या पुढे जो माशाच्या डोक्यासारखा फुगीर भाग आहे त्याच्या बाजूला खाली एक स्क्रू असतो, आणि वर, पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटजवळ दुसरा. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या मशीनमध्ये ते तळाला बसतं. वरच्या स्क्रूला हात न लावता खालचा हळूहळू सैल करा आणि काचेचा पारदर्शक ग्लास धरा. पहिले काही थेंबच निकाल देतात. स्वच्छ पाणी टपकलं, तर सील गेलंय. तेल दुधाळ, कटिंग चहासारखं आलं, तर पाणी घेऊन मशीन चाललंय आणि ते घुसळलं गेलंय. काळं पण एकसारखं तेल असेल तर फक्त बदललेलं नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. अगदी नवंकोरं, मधासारखं तेल आलं तर विचारा कधी बदललं. कालच बदललं असेल तर या परीक्षेचा उपयोग संपला. मग तासभर पाण्यात चालवून, थंड करून पुन्हा बघायचं.

थेंब बोटांवर चोळून बघा. स्क्रूच्या चुंबकावर बारीक करडी पेस्ट असणं चालतं, गिअर घासले जातातच. पण नखाला लागतील असे चमचमते कण किंवा पत्र्यासारखे तुकडे असतील तर गिअर नाहीतर बेअरिंग तुटायला लागलंय. तिथेच थांबायचं. जाताना दोन नवे वॉशर आणि गिअर ऑइलची ट्यूब बरोबर ठेवा. विकणाऱ्याचं सांडलेलं तेल तुम्ही भरून दिलंत तर तो स्क्रू उघडू द्यायला सहसा कुरकुर करत नाही. तरीही ठाम नकार दिला तर मी पुढे बोलत नाही, घरी येतो.

मग पंखा काढा. पिन काढून नट सोडवायचा, पाच मिनिटांचं काम. मागच्या वॉशरच्या आड बोट फिरवा. आपल्याकडे दर तीन-चार मशीनमागे एकात तिथे तंगूस सापडतो, कधी इतका घट्ट बसलेला की प्लास्टिकची कडी वाटावी. तंगूस आहे पण तेलात पाणी नाही, म्हणजे सील अजून वाचलंय. तंगूस काढा, सील बदलायचं पैशात धरा. पंखा शाफ्टला चिकटून बसला असेल, निघतच नसेल, तर कित्येक वर्षांत कुणी तिथे ग्रीस लावलेलं नाही. काढल्यावर न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवा आणि टोकाकडे एकटक बघा. टोक गोल गोल डोलताना दिसलं तर शाफ्ट वाकलाय. पंख्याच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या असतील तर त्याचं फार मनावर घेऊ नका, पंखा बदलता येतो. खालचा पंखासारखा कल्ला, ज्याला स्केग म्हणतात, तो तुटलेला किंवा वेल्ड केलेला असेल तर मात्र विचारा कशावर आपटलं. तो धक्का शाफ्टपर्यंत गेलेला असू शकतो.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण करत नाहीत, पण मला तीच सर्वात जास्त सांगते. खालचं युनिट ज्या चार-पाच बोल्टनी वर जोडलेलं असतं, त्यातला एक तरी सैल करून बघा. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर त्या जोडणीच्या आत असतो. स्वच्छ पाण्यात तो वर्षाकाठी बदलतात. आपल्या गाळात मी त्याआधीच बदलायला सांगतो. ज्याने तो नियमित बदललाय त्याचे बोल्ट ग्रीस लावलेले असतात, पाना लावला की सरकन येतात. ज्याने दहा वर्षांत एकदाही खालचं युनिट उतरवलं नाही त्याचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये मिठाने जाम झालेले असतात. जोर लावला तर बोल्ट आतच तुटतो आणि मग ड्रिल, नवी चुडी (आटे), कधी बोल्ट बसतो तो अख्खा सांगाडाच बदलणं. विकणारा "दरवर्षी सर्व्हिसिंग केलंय" म्हणत असेल तर ते खरं की खोटं हे त्या बोल्टवरून दहा सेकंदांत कळतं.

त्याची तयारी असेल तर पूर्ण युनिट उतरवा, अर्ध्या तासाचं काम. इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झालीत का, एखादं पातं तुटलंय का बघा. तुटलेला तुकडा कुठेतरी वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, तो शोधावा लागतो. इम्पेलर ज्या स्टीलच्या प्लेटवर फिरतो तिच्यावर नख ओढा. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या खाचा लागल्या तर हे मशीन गाळात खूप चाललंय.

जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे जे तुकडे खाली गंज स्वतःवर घ्यायला लावलेले असतात, तेही बघा. अर्धे झिजलेले तुकडे म्हणजे चांगली खूण, ते काम करतायत. दहा वर्षांच्या मशीनवर तुकडा कोराकरकरीत असेल तर तो कालच लावलाय, किंवा त्याच्यावर रंग मारून ठेवलाय. रंग मारला की तो निकामी, आणि गंज मशीनलाच खातो.

आता वर या. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजल्याशिवाय घ्यायचं नाही. त्यासाठी मरीन मेकॅनिकच हवा असं नाही. या वर्गाच्या बहुतेक मशीनच्या प्लगची चुडी १४ मिलिमीटरची असते, त्यामुळे बाइकच्या गॅरेजमधला गेज बसतो. दोन्ही प्लग काढायचे, किल स्विचची (दोरी ओढताच मशीन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून ठेवायची, थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. दोन्ही सिलिंडरना सारखेच झटके द्या. आकडा किती आला यापेक्षा दोघांत फरक किती हे महत्त्वाचं. ११० आणि १०५ पीएसआय आले तर उत्तम. १०० आणि ९५ सुद्धा मी घेईन. एकीकडे ११० आणि दुसरीकडे ८० आले तर नाही, मग ते कितीही गोड चालत असू दे. फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर रिंगा झिजल्यात. नाही वाढला तर गॅस्केट किंवा पिस्टन.

इथे फसायच्या दोन जागा आहेत. एक, रॉकेलवर चालण्यासाठी बनवलेल्या मशीनचं कॉम्प्रेशन मुळातच कमी असतं. किनाऱ्यावर अशी मशीनं भरपूर फिरतात, त्यामुळे आधी प्लेटवरचा मॉडेल कोड बघून ते कुठलं आहे हे ठरवा, मग आकडा वाचा. दुसरी, पुढेमागे कुणी तुम्हाला फोर-स्ट्रोक दाखवलं तर दोरीने सुरू होणाऱ्या बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये सुरू करताना दाब आपोआप कमी करणारी सोय असते. तिथे गेजवर आकडा कमी दिसला तरी मशीन खराब असेलच असं नाही.

काढलेले प्लग खिशात टाकू नका, उजेडात बघा. तपकिरी रंग हवा. ओले काळे असतील तर तेल जास्त किंवा कार्बोरेटर बिघडलाय, ते सुधारता येतं. एक प्लग दुसऱ्यापेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. आणि टोकावर रुपेरी बारीक ठिपके असतील तर पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून तिथे चिकटलंय.

कोणतं तेल घालतात हेही सहज विचारा. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ दर्जाचं तेल लागतं, साधारण ५० ला १, म्हणजे लिटरभर पेट्रोलला २० मिली. "स्कूटरचं टू-टी घालतो, काही होत नाही," असं उत्तर आलं तर आत कार्बन आणि राख साचलेली धरून चाला.

मशीन कधी बुडालंय का, हा प्रश्न विचारून खरं उत्तर मिळत नाही, ते शोधावं लागतं. पावसाळ्यात जेट्टीला बांधलेल्या होड्या पाणी भरून बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. फ्लायव्हीलच्या खाली टॉर्च मारा. वायरींच्या रबरी टोप्या उलटून बघा. तिथे वाळलेला बारीक करडा गाळ असेल तर खाडी आतपर्यंत येऊन गेलीय. बुडालेलं मशीन त्याच दिवशी उघडून, धुऊन, तेल घालून चालवलं असेल तर ते वाचतं. चार दिवस तसंच पडलं असेल तर आतली बेअरिंग गंजलेली असतात आणि ती दोन-चार महिन्यांत बोलतात.

एवढं झाल्यावर मशीन चालू करायचं, आणि पाण्याशिवाय क्षणभरही नाही. दोनशे लिटरचा ड्रम, पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटच्या वर. धार लगेच यायला हवी. पण धार येते म्हणजे इंजिन थंड राहतं असं नाही; ती पंपाच्या पाण्याची एक छोटी वाट आहे, ब्लॉकच्या आतल्या वाटा मिठाने भरलेल्या असल्या तरी धार येते. दहा मिनिटं चालवून दोन्ही सिलिंडरच्या डोक्यांचं तापमान मोजा, कोरोनाच्या काळात किराणा दुकानात ताप बघायला असायची तशी पण जास्त तापमान मोजणारी गन बाजारात मिळते. दोन्ही जवळपास सारखं हवं. थर्मोस्टॅटच्या (इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेच्या) कव्हरचे बोल्ट बघा. त्याच्या कडेने पांढरी मिठाची रेघ असेल तर तिथून झिरपतंय. गाळाने अडकतो म्हणून कितीतरी जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. असं मशीन गरम होत नाही हे खरं, पण नेहमी थंड चालल्याने त्यात कार्बन साठतो.

ड्रममधली परीक्षा अर्धीच आहे. गिअर निसटतो का हे फक्त पाण्यात, ओझं घेऊन कळतं. तुमची स्वतःची होडी नेता आली तर उत्तमच. एरवी माणसं जितकी बसतात तितकी बसवा, जाळ्याच्या वजनाचं काहीतरी ठेवा. भरती भरत आली असताना जा, उधाणाच्या ओढीत किंवा सुकतीत नको, म्हणजे वेगाचा अंदाज चुकणार नाही. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, तिथे मशीन ताणायचं नाही. दिवाळ्याहून दक्षिणेला मोकळं पाणी आहे. पुढे, न्यूट्रल, मागे असे गिअर दहा वेळा टाका. मग पूर्ण थ्रॉटलवर पाच मिनिटं सलग. गिअर मधेच खट् करून सुटून परत बसत असेल तर क्लचचे दात गोल झालेत, आणि हा खर्च इम्पेलरसारखा किरकोळ नाही. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर मिळतो, तो लावा. या वर्गाची टू-स्ट्रोक मशीनं पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ४५०० ते ५५०० फेऱ्यांना पोचायला हवीत. कमी येत असतील आणि कॉम्प्रेशन चांगलं असेल, तर पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा जितका पुढे सरकेल ते माप) तुमच्या ओझ्याला जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० फेऱ्या वाढतात. हा दोष मशीनचा नाही, पण पैसे तुमचेच जाणार, म्हणून भाव करताना धरा. किल स्विचची दोरी ओढल्यावर मशीन तत्क्षणी बंद होतं का, हे तिथेच तपासा. एकट्याने खाडीत जाणाऱ्या माणसाचा जीव त्या दोरीवर असतो.

स्टिकरवर जाऊ नका, हे मुद्दाम वेगळं सांगतो. बऱ्याच कंपन्यांच्या टू-स्ट्रोकमध्ये ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच असतो, फरक कार्बोरेटरसारख्या काही भागांत असतो. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं. ९.९ वर १५ चं स्टिकर चिकटवून विकलेलं मी पाहिलंय. ब्रॅकेटवरच्या प्लेटवर मॉडेल कोड आणि सिरियल नंबर असतो, तो कंपनीच्या विक्रेत्याकडून पडताळून घ्या. प्लेटच नसेल, खरवडलेली असेल, तर चोरीचं मशीन असण्याची शक्यता धरा आणि हात लावू नका. बिल किंवा निदान सही केलेला विक्रीचा कागद, त्यावर सिरियल नंबर, हे घ्याच. होडीच्या नोंदणीत जुन्या मशीनचा तपशील असेल तर तो बदलून घ्यायला हाच कागद लागतो.

तुमच्या होडीकडेही बघा. मागच्या फळीची उंची मधोमध, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. मशीन १५ इंची शाफ्टचं येतं, नाहीतर २० इंची. आखूड शाफ्ट उंच फळीला लावला तर पंखा लाटेत हवा खातो. लांब शाफ्ट बुटक्या फळीला लावला तर ओहोटीत तोच आधी चिखल नांगरतो. आडवी प्लेट होडीच्या तळाच्या साधारण रेषेत यायला हवी. फायबरच्या आत प्लायवूड असतं. फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज मधेच बदबद झाला तर आत लाकूड कुजलंय, आणि मग मशीन घ्यायच्या आधी फळी करा. वजनाची चिंता तुम्हाला फारशी नाही, १५ चं टू-स्ट्रोक साधारण ३६ किलोच्या आसपास असतं, जुन्या ९.९ इतकंच. फोर-स्ट्रोककडे वळलात तर त्याच ताकदीला जवळपास ५० किलो मोजावे लागतील.

भावाबद्दल म्हणाल तर गिअर ऑइल स्वच्छ, कॉम्प्रेशन सारखं आणि बोल्ट सुटणारे असतील, तर दहा वर्षांचं मशीन मी बिनधास्त घेईन. इम्पेलरचा किट, सील, प्लग, थर्मोस्टॅट, पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरचा किट, एवढ्याचा भाव दुकानातून लिहून आणा आणि तो किमतीतून वजा करून बोला, कारण पहिल्या आठवड्यात हे सगळं बदलायचंच आहे. पाइप तर नक्की, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगतं आणि आतून सुटतं. गिअरमध्ये पाणी असेल पण कण नसतील, तर किंमत बरीच उतरली तरच. कण असतील किंवा कॉम्प्रेशनमध्ये मोठा फरक असेल तर फुकट दिलं तरी नको.

आणि वडिलांचं ९.९ भंगारात घालू नका. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची, एकाच घराण्यातली निघाली, तर त्याचं खालचं युनिट, ब्रॅकेट, स्टार्टरची दोरीची चकती, कव्हर हे सगळं नव्याला बसेल. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठायच्या आधी ते एकदा घेऊन या, दोन्ही प्लेटवरचे कोड शेजारी ठेवून बघू.